भिंतीवरचे एकाहत्तर

रत्नागिरीजवळच्या मिरजोळ्यात काशीराम शिवलकर कुठे राहतात असं विचारलंत, तर समोरचा माणूस जरा विचारात पडेल. एकाहत्तरशेठ कुठे राहतात असं विचारलंत, तर तो बोलणंही थांबवणार नाही, नुसता हात करून दाखवेल. औद्योगिक वसाहतीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, उतार संपतो तिथे डाव्या अंगाला काशीरामचा तेलाचा घाणा आहे. घाण्याच्या रस्त्याकडच्या भिंतीवर, पिवळ्या रंगावर, माणसाच्या उंचीचा लालभडक आकडा होता: ७१. त्याच्या वर लिहिलेलं होतं, ‘लाकडी घाण्याचं खोबरेल खा, चांगलं कोलेस्टेरॉल वाढवा.’ आणि खाली, जरा बारीक अक्षरांत, ‘मालकाचं स्वतःचं’.

काशीराम काही पिढीजात तेलवाला नव्हे. त्याची उमेदीची वर्षं गेली ती वसाहतीतल्या एका कारखान्यात, फिटर म्हणून. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा बरोबरीचे काही लोट्याच्या कारखान्यांत गेले, काही मुंबईला मुलांकडे गेले. काशीरामला कुठेच जायचं नव्हतं. त्याने मोटारीवर चालणारा लाकडी घाणा आणला, दोन माणसं ठेवली आणि खोबरेल गाळायला लागला. यंत्राचा हात होताच. तेलाचा हात मात्र त्याने नव्याने कमावला. तळहातावर थेंब घ्यायचा, दुसऱ्या तळव्याने चोळायचा, नाकाशी न्यायचा, मग जिभेच्या टोकावर. खोबरं उन्हात वाळलंय की धुरावर, ते तो एवढ्यावर सांगायचा. त्याचा एक नियम होता, आणि तो गिऱ्हाइकालाही ऐकवायचा: जे तेल घशाला लागलं ते तेल गेलं. अशा तेलाचा डबा तो बायकोला, मथुराला, घरातही ठेवू द्यायचा नाही.

आकड्याची गोष्ट अशी की काही वर्षांपूर्वी वसाहतीच्या सभागृहात रक्ततपासणीचं शिबिर होतं. फुकट होतं, म्हणून काशीराम गेला. अहवाल देणारी मुलगी कागदावरून बोट फिरवता फिरवता थांबली आणि म्हणाली, “वा काका, तुमचं चांगलं कोलेस्टेरॉल एकाहत्तर आहे! तुमच्या वयात एवढं फार कमी जणांचं बघितलंय मी.” तिचं म्हणणं खोटं नव्हतं. ती चांगल्या मनाने म्हणाली आणि पुढच्या माणसाकडे वळली. काशीराम मात्र तिथेच उभा राहिला. आयुष्यात त्याला कोणी कुठल्या परीक्षेत पहिला आल्याचं सांगितलं नव्हतं. चांगलं कोलेस्टेरॉल वाढायला आपण वेगळं काय केलं, असा विचार करत तो घरी आला आणि उत्तर त्याला घाण्यातून थेंबथेंब गळताना दिसलं. त्याच कागदावर खालच्या ओळीत वाईट कोलेस्टेरॉलचाही आकडा होता, आणि तोही चांगला भरभक्कम होता. पण तो रंगवून घ्यायचं काही कारण नव्हतं. रंगारी आला आणि एकाहत्तर भिंतीवर गेले.

लोकांनी आधी थट्टा केली. मग तेल न्यायला लागले. “शेठ, तुमच्या एकाहत्तरातलं एक लिटर द्या,” असं म्हणत न्यायचे. काशीराम वरवर कपाळाला आठ्या घालायचा, पण आतून त्याला गुदगुल्या व्हायच्या. मथुरा म्हणायची, “अवो, म्हातारपणी अंगावर नंबर लावून फिरताय, क्रिकेटवाले झालात जनू.” तिच्याकडे तो लक्ष द्यायचा नाही.

या आकड्याने ओढून आणलेलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे फारुक. फारुक काशीरामचा शाळेतला बाकावरचा सोबती. पुढे जहाजावर गेला, इंजिनखोलीत उभा जन्म काढला आणि निवृत्त होऊन साखरतरला आपल्या घरी येऊन राहिला. मुलगा झुबेर कुवेतला. फारुकला डॉक्टरांनी कोलेस्टेरॉलची गोळी लावलेली होती, कायमची. एकदा स्कूटरवरून वसाहतीत आला असताना त्याने भिंत वाचली, स्कूटर थांबवली आणि काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाला, “काशी, तुजा एकाहत्तर आनि माजा छत्तीस! एकाच बाकावर बसून येवढा फरक?”

“तू काय खातोस त्यावर हाय,” काशीराम म्हणाला. शेठ बोलत होता, शाळासोबती नव्हे.

त्या दिवसापासून फारुकच्या घरात खोबरेल जायला लागलं. पाच लिटरचा डबा काशीराम स्वतः भरायचा आणि वर गाळाचा एक कणही येऊ द्यायचा नाही. मैत्री होती, आणि थोडी शेखीही होती.

यंदा मार्चात, आंब्याच्या गाड्या रस्त्याने धावायला लागल्या तेव्हा, काशीरामने खोबऱ्याची एक गोणी उचलली आणि ती परत खाली ठेवली. छातीवर कोणी तरी पाट ठेवून बसल्यासारखं झालं. त्याने ओवा चावला, गरम पाणी प्यालं, गॅस आहे म्हणाला. मथुराने त्याच्या कपाळाला हात लावला, तो ओला लागला. तिने वाद घातला नाही, सरळ रिक्षा बोलावली. हृदयाच्या एका धमनीत मोठा अडथळा निघाला. तार घालून ती मोकळी केली, आत जाळी बसवली. काशीराम वाचला.

शुद्धीवर नीट आल्यावर डॉक्टर उन्मेष बघायला आले. तरुण होते, रत्नागिरीतलेच होते. काशीरामने त्यांना पहिलं वाक्य टाकलं ते असं, “डॉक्टर, काय तरी चूक झालीय. माझं एकाहत्तर आहे.”

“वय? फाइलीत तर त्रेसष्ट लिहिलंय.”

“वय नाय. चांगलं कोलेस्टेरॉल.”

डॉक्टर हसले नाहीत, हे काशीरामने लक्षात ठेवलं. ते स्टूल ओढून बसले. “काका, तुमच्या घाण्यावर माणसं किती?”

“दोन.”

“समजा दहा ठेवली. हजेरीवर दहा. पण गोणी उचलतात दोघंच, बाकीचे सावलीला बसून आहेत. तर काम किती जणांचं झालं?”

“दोघांचं.”

“चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे तसे हमाल. धमनीच्या भिंतीत साठलेली चरबी उचलायची आणि यकृताकडे पोचवायची, हे त्यांचं काम. तुमच्या अहवालात हजेरी येते. उचललं किती, ते नेहमीच्या तपासणीत येत नाही.”

काशीरामने मनात हिशेब मांडला. मग म्हणाला, “म्हणजे माझे एकाहत्तर बसून खातायत?”

“सगळे बसलेत असं नाही म्हणत मी. आकड्यावरून ते कळत नाही, एवढंच सांगतोय. आणि दुसऱ्या बाजूने वाईट कोलेस्टेरॉल गोण्या आणून टाकतंय, ते वेगळंच.”

पुढे खाण्यापिण्याचं निघालं. काशीरामने आपला धंदा सांगितला. डॉक्टरांना तो ठाऊकच होता. रोज त्या भिंतीवरून जात असत. ते म्हणाले, “खोबरेलाने चांगल्याचा आकडा वाढतो हे खरं आहे, काका. तुम्ही खोटं लिहिलेलं नाही. पण वाईटही त्याच्याबरोबर वाढतं. ऑलिव्हच्या कच्च्या घाणीच्या तेलाचं वेगळं आहे. स्पेनमध्ये अभ्यास झालाय. हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांना वर्षभर भाजीपाला, कडधान्यं, मासे असा आहार दिला आणि त्यात हे तेल. त्यांचा आकडा फारसा हलला नाही. पण तेच कोलेस्टेरॉल आधीपेक्षा जास्त चरबी उचलायला लागलं.”

“म्हणजे हमाल तेच, पण उठून कामाला लागले.”

“तसंच. पण ते औषध नव्हे हां. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि आहे त्या तेलात हे वरून ओतायचं नाही. ते काढायचं, हे घालायचं.”

ते काढायचं, हे घालायचं. डॉक्टरांसाठी ते दोन शब्दांचं काम होतं. काशीराम घरी आला तो मथुराला हेच सांगत, की बाजारात जाऊन ते परदेशी तेल अजिबात आणायचं नाही. राम आळीतल्या दुकानदाराने तिला ओळखलं नाही असं झालं नसतं. एकाहत्तरशेठची बायको ऑलिव्ह तेल नेते, ही बातमी ती घरी पोचायच्या आधी घाण्यावर पोचली असती. मथुरा म्हणाली, “लोकं काय म्हनतील त्याच्यापायी मी परत दवाखान्यात बाकड्यावर बसायची काय?” आठवडाभर तो बिनतेलाची पेज आणि उकडलेली भाजी खात राहिला आणि त्याला वाटलं, आपण मोठा मार्ग काढला.

मग फारुक आणि त्याची बायको हमिदा भेटायला आली. फारुकच्या हातात पिशवी होती आणि पिशवीत हिरवा पत्र्याचा डबा.

“ह्यो घे,” फारुक म्हणाला. “जैतूनचा तेल, ऑलिव्ह म्हनतात तो. हृदयवाल्यांना चांगला म्हनतात. झुबेर दर खेपेला दोन डबे आनतो.”

काशीरामने डबा हातात घेतला. समोर तेल आलं की त्याला राहवत नसे. झाकण उघडून त्याने थेंब तळहातावर घेतला, चोळला, नाकाशी नेला. ओल्या कापल्या गवतासारखा वास आला. मग जिभेला लावला. आधी कडवट लागलं आणि पाठोपाठ घशाला असा चिमटा बसला की त्याला ठसका लागला. मथुराने पाणी आणलं.

“फारुक, तुजा तेल गेला रे,” पाणी पिऊन तो म्हणाला. एवढ्या आजारातही त्याच्या आवाजात शेठ परत आला होता. “खवट झालाय. घशाला लागतो बघ.”

हमिदा हसली. “नाय काशीभाव, ह्यो असाच असतो. चांगला असला की घशाला लागनारच. जुना झाला, उघडा राह्यला, की मग गप होतो. जहाजावरनं यायचा तेवापास्नं हाय आमच्याकडं. पोरं लहान असताना खाकरायची, आमी म्हनायचो, तेल ताजा हाय.”

काशीरामने डब्याकडे पाहिलं. इतकी वर्षं ज्या नियमावर त्याने गिऱ्हाइकांना डोस पाजले होते, तो नियम या डब्यापुरता उलटा चालत होता. त्याला ते आवडलं नाही. पण खोटं आहे असंही म्हणवेना, कारण हमिदा वर्षानुवर्षं हे तेल वापरत आली होती आणि तो आज पहिल्यांदा चाखत होता.

“मग तुमीच खावा की,” मथुरा म्हणाली. “आमाला कशाला?”

“आमच्याकडं आता कोन खातो?” फारुक म्हणाला. “हमिदा गुडघ्यांना लावते. आमी काशीचा खोबरेल खातो. आनि काशी, सांगायचाच राह्यला. माजा छत्तीसचा चव्वेचाळीस झाला! तुज्या तेलानं. आता गोळी पन सोडली मी. कशाला दोन-दोन इलाज?”

“मी बोलते तर ऐकत नाय,” हमिदा म्हणाली. “म्हनतो, काशीनं करून दाखवलाय.”

काशीरामच्या हातातला डबा एकदम जड झाला. चव्वेचाळीस. हजेरीवर आठ माणसं वाढली होती, आणि हा माणूस त्यांच्या भरवशावर औषध सोडून बसला होता. आत्ता, या क्षणी सांगायला हवं होतं. फारुक, बाबा, आकड्यात काही नाही, गोळी चालू कर, एवढंच. पण ते म्हणायचं तर भिंतीवरच्या एकाहत्तरांत काही नाही, हेही त्याच्याच तोंडून निघणार होतं. कारखाना बंद पडल्यावर गावात फिटर काशीरामला कोणी विचारत नव्हतं. एकाहत्तरशेठला सगळे विचारत होते. त्याने डबा खाली ठेवला आणि म्हणाला, “चाय घ्या.” त्यांनी चहा घेतला आणि ती दोघं गेली. काशीरामला स्वतःची लाज वाटली. साधीसुधी नव्हे, अंथरुणात तोंड भिंतीकडे करून पडावं लागलं अशी.

डबा घरात आलाच होता, तेव्हा मथुराने विचारायचं सोडलं आणि वापरायला लागली. कोशिंबिरीवर वरून चमचाभर, कुळथाच्या पिठल्यावर थोडं, बांगडा तव्यावर टाकायच्या आधी बोटाने पुसायला. नारळ वाटणं तिने निम्म्यावर आणलं. पहिले चार घास काशीराम तोंड वाकडं करून खायचा. मग घशातल्या त्या चिमट्याची त्याला सवय झाली, आणि एक दिवस कोशिंबिरीवर तेल घालायचं राहिलं तेव्हा त्याने स्वतःहून डबा मागितला. हे मथुराने त्याला बोलून दाखवलं नाही. नवऱ्याला चिडवायच्या गोष्टी ती साठवून ठेवायची आणि लागेल तशा काढायची.

घाण्यावर जायला लागल्यावर मात्र त्याचं मन लागेना. गिऱ्हाईक यायचं, वर भिंतीकडे बघायचं, त्याच्याकडे बघायचं आणि म्हणायचं, “शेठ, तरी बरं, तुमचं एकाहत्तर होतं म्हणून निभावलं!” तो म्हणायचा, “तेल जरा बेतानं वापरा हो.” गिऱ्हाइकाला तो विनय वाटायचा. ते कौतुकाने हसायचं आणि दोन लिटर जास्त न्यायचं.

दाखवायला बोलावलं होतं त्या दिवशी तो दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी छाती तपासली, सगळं ठीक असल्याचं सांगितलं. उठता उठता काशीराम म्हणाला, “एक विचारायचं होतं. समजा एका माणसाला कोलेस्टेरॉलची गोळी आहे. त्याचा चांगला आकडा जरा वाढला, म्हणून त्यानं ती सोडली. तर?”

डॉक्टरांनी लिहिणं थांबवलं. “तर त्याला आजच्या आज चालू करायला सांगा, आणि त्याच्या डॉक्टरांकडे पाठवा. गोळी आकडा सजवायला दिलेली नसते. तो माणूस तुम्ही नाही ना?”

“नाय,” काशीराम म्हणाला. “मी नाय.”

बाहेर येऊन त्याने रिक्षावाल्याला मिरजोळं सांगितलं नाही, साखरतर सांगितलं. मथुरा बरोबर होती. तिने एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून बसली.

फारुक ओटीवर जाळ्याच्या दोऱ्याला गाठी मारत बसला होता. त्याला गरज काही नव्हती, हाताला सवय होती. काशीरामने चप्पलही काढली नाही. उभ्याउभ्याच म्हणाला, “फारुक, गोळी चालू कर.”

“बस तरी.”

“आदी ऐक. माजा एकाहत्तर नुसता आकडा होता. माजी धमनी बुजली ती एकाहत्तर असतानाच बुजली. तुजा चव्वेचाळीस पन तसाच. खोबरेलानं आकडा चढतो. काम होतो की नाय ते त्यात दिसत नाय. दवाखान्यातच मना कळला होता. तू आलास तेवा सांगायला पायजे होता. मी गप राह्यलो.”

फारुकने दोरा खाली ठेवला. त्याला राग आला होता, आणि तो लपवायची त्याला कधी सवय नव्हती. “मी जलम इंजिनखोलीत काडला, काशी. तिकडं कोनाच्या बोलन्यावर नाय, काट्यावर भरोसा. तूच मना काटा दाखवलास. आता म्हनतोस काटा खोटा.”

“काटा खोटा नाय रे. काटा बरोबर हाय.” काशीराम आता ओटीच्या कडेला बसला. “पन तू इंजिनवाला, मी फिटर. आपल्याला कोनी शिकवायला नको. काट्यावर दाब दिसतो. पंप पानी वर उचलतो की नुसताच फिरतो, ते काट्यावर दिसतो काय?”

जहाजावर असा एक पंप फारुकने पाहिला असणार, कारण त्याची मान नकळत हलली. आतून हमिदा दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ती ते पुसतही नव्हती.

“समजला,” फारुक अखेरीस म्हणाला. “पन एक सांग. भिंतीवर काय हाय अजून?”

“एकाहत्तर.”

“मग? तू हितं येऊन माज्या कानात सांगतोस, आनि तिकडं तुजी भिंत रस्त्यावर वरडते. ह्या दोघांतला खरा काशी कंचा?”

“फारुक, ही मस्करीची वेळ नाय. गोळी घे.”

“मस्करी नाय. माज्यासारखे किती असतील, तुजी भिंत वाचून गोळ्या सोडलेले? ते काय तुज्या बाकावरचे नाय, त्यांच्या घरी रिक्षा घेऊन तू जानार नाय. ज्या दिवशी भिंतीवरचा आकडा खाली येईल, त्या दिवशी गोळी पोटात जाईल. त्याच्या आदी नाय.”

हमिदाने कपाळावर हात मारून घेतला. “या अल्ला! आता हा हट्ट!”

परत येताना रिक्षात काशीराम धुमसत होता. त्याला फारुकचा संताप आला होता, कारण फारुकचं बरोबर होतं. हा माणूस खरंच गोळी घेणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं. शाळेत मास्तरांनी उगाच मारलं म्हणून याने आठवडाभर हजेरीला ‘हजर’ म्हटलं नव्हतं.

रात्री जेवताना मथुरा म्हणाली, “रंगाऱ्याला फोन करा.”

“रंगारी आला की लोकं म्हनतील, शेठ भिंत नवी करतायत. परत नवा आकडा बघायला येतील.”

“मग?”

“मीच लावतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी, वसाहतीतली पहिली पाळी भरायच्या वेळी, म्हणजे रस्ता सगळ्यात भरलेला असतो त्या वेळी, काशीराम पांढऱ्या रंगाची बादली आणि रुंद ब्रश घेऊन भिंतीसमोर उभा राहिला. लवकर किंवा उशिरा करता आलं असतं. त्याने मुद्दाम तीच वेळ धरली. मथुरा स्टूल धरून उभी होती, कारण त्याच्या स्टुलावर चढण्यावर तिचा विश्वास नव्हता. रात्री फोन करून कळवलं होतं, तशी रस्त्याच्या पलीकडे फारुकची स्कूटर येऊन थांबली. फारुक तिच्यावरून उतरला नाही, नुसता पाय टेकून बसला.

सायकली थांबल्या, मोटारसायकली थांबल्या. एक जण म्हणाला, “शेठ, नवा आकडा टाकताय? किती झाला?”

“टाकत नाय. काढतोय.”

“का हो? खोबरेल बंद?”

काशीरामला वाटलं होतं की आपल्याला बोलता येणार नाही. पण ब्रश हातात होता आणि पाठ लोकांकडे होती, त्यामुळे ते सोपं गेलं. “खोबरेल बंद नाय,” भिंतीकडे बघतच तो मोठ्याने म्हणाला. “केसाला लावा, घावनाला तवा पुसा, मी देतोच हाय. पन माजी छाती ह्याच एकाहत्तरावर बंद पडली. घरी मी आता जैतूनचा तेल खातो, तो पन चमचाभर, आनि गोळ्या घेतो. भिंत बघून कोनी गोळी सोडली असंल, तर आज चालू करा.”

मागे कुजबुज झाली. कोणीतरी हसलं, पण ते हसणं मध्येच थांबलं. एका बाईने शेजारणीला विचारलं, “ती लाल गोळी, रात्रीची, तीच ना गं?” आणि दोघी घाईने निघून गेल्या. पुढच्या महिन्यात आपलं किती गिऱ्हाईक तुटेल, हा विचार काशीरामच्या मनात येऊन गेला. येऊन गेला, थांबला नाही. त्याने आधी वरची ओळ झाकली, मग ‘मालकाचं स्वतःचं’, मग सात, मग एक.

खाली उतरून तो चार पावलं मागे आला. पांढऱ्याखालून लाल रंग दिसत होता. फिका, गुलाबी, पण चांगला वाचता येण्यासारखा. एकाहत्तर अजून तिथेच होते. काशीरामने चिडून ब्रश बादलीत टाकला.

फारुक रस्ता ओलांडून आला. भिंतीकडे त्याने डोळे बारीक करून पाहिलं, जहाजावर काटा वाचायचा तसं. मग शर्टाच्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. पट्टी नवी होती, एकही गोळी कमी झालेली नव्हती.

“वहिनी, जरा पानी द्या,” तो मथुराला म्हणाला.

मथुरा आत जाऊन तांब्या घेऊन आली. फारुकने गोळी जिभेवर ठेवली, पाणी प्यालं, तोंड पुसलं.

“दिसतो अजून,” काशीराम भिंतीकडे हात करून म्हणाला.

“व्हय. उद्या दुसरा हात मार,” फारुक म्हणाला आणि पट्टी परत खिशात ठेवली. “उद्याची गोळी घ्यायला मी हितंच येतो.”